उपवासकाळातला पाहुणचार

नाताळात कुठल्याही चर्चमध्ये जा, स्वागत होतंच. गोठा सजलेला असतो, चांदण्या लटकत असतात, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर अंगणात केक फिरतो आणि माणसं इतकी खुशीत असतात की अनोळखी चेहऱ्याकडे पाहूनही हसतात. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, यातलं काहीच हाताशी नसतं. वेदीवर फुलं नाहीत, ‘आलेलुया’चा जयघोष बंद, वाद्यं फक्त गाण्याला आधार देण्यापुरती, धर्मगुरूंचा झगा जांभळा. लग्नकार्यंही शक्यतो पुढे ढकललेली. यजमानाकडे पाहुण्यापुढे ठेवायला काही नाही, अशी ही अवस्था. त्यामुळे वसईतल्या आमच्या चर्चने आम्हाला आपलं म्हटलं ते नेमकं याच दिवसांत, याचं मला फार अप्रूप आहे.

आम्ही मूळचे नगरकडचे. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला पायी जाणाऱ्या घरातले. नोकरीने आधी एका शहरात नेलं. तिथल्या चर्चमध्ये आम्ही वर्षानुवर्षं त्याच बाकावर बसलो, पण आमचं नाव काय हे कुणी विचारलं नाही. कुणी वाईट वागलं असंही नाही. आम्ही आलो काय, न आलो काय, सारखंच होतं. वसईला येताना म्हणून मी फारशी आशा ठेवली नव्हती. इथली चर्चेस पोर्तुगीज काळापासूनची. सोळाव्या शतकातल्या संत गोन्सालो गार्सियांना आजही ‘आपल्या गावचा’ म्हणणारी ही माणसं. वाड्या, विहिरी, केळीच्या बागा पिढ्यानपिढ्यांच्या, घरात बोलायला कादोडी ही इथली बोली, आणि रविवारी पुढच्या बाकांवर लाल लुगड्यातल्या आज्या. एवढ्या खोल मुळं गेलेल्या गावात फ्लॅटमधल्या भाडेकरूला कोण विचारणार?

विचारलं फादरांनी. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. २०२५ साली राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, ५ मार्चला होता. आदल्या रविवारी त्यांनी जाहीर केलं की शेवटची मिस्सा रात्री नऊला होईल, म्हणजे चर्चगेटहून येणाऱ्यांना धावत यावं लागणार नाही. मी ऑफिसची बॅग पाठीला तशीच ठेवून रांगेत उभा राहिलो. मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावताना धर्मगुरू म्हणतात, “मानवा, तू माती आहेस आणि मातीला मिळशील.” त्या रात्री प्रवचनात फादर म्हणाले, “विरार फास्टमधून उतरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही. पण विधी आहे, ऐकून घ्या.” चर्च हसलं. राखेच्या बुधवारी हसणारं चर्च मी पहिल्यांदाच पाहिलं. मिस्सेनंतर ते दाराशी उभे होते. बॅग बघून म्हणाले, “जेवलात का?” आणि मग स्वतःच, “अरे हो, आज उपवास. घरी जाऊन थोडं काही खा.” एकाच भरपेट जेवणाचा नियम १८ ते ५९ वयाच्या लोकांना लागू असतो, मी त्यात पुरता बसतो. पण त्या दिवशी नियमापेक्षा ते ‘जेवलात का’ जास्त लक्षात राहिलं.

उपासाची इथली एक गंमत सांगायलाच हवी. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. आमच्या नगरला मासे मिळण्याची मारामार, त्यामुळे शुक्रवार म्हणजे पिठलं-भाकरी, आणि त्याग आपोआप घडायचा. वसईत समुद्र दाराशी. इथे मटण सोडून भरलेलं पापलेट खाणारा नियमाप्रमाणे तपस्वीच ठरतो. फादर स्वतः किनाऱ्यावरचे, मासळीवर त्यांचा जीव. त्यांनी वेदीवरून सरळ सांगितलं, “पापलेटवाल्यांनी स्वतःची फसवणूक करू नये, मीही करणार नाही. बोंबील परवडतात, उरलेले पैसे पेटीत टाका.” पेटी कुष्ठरोग्यांसाठी होती. त्या शुक्रवारी आमच्याकडेही बोंबीलच झाले, आणि ते पापलेटपेक्षा चवदार लागतात हे मी कुणाला सांगितलं नाही. त्याग म्हणून मोजले जायचे ना!

फादर काही संत नाहीत. गातात बेसूर, आणि तेही माइक जवळ घेऊन. सूचना सांगायला लागले की प्रवचन छोटं वाटतं. पण शुक्रवारची क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा प्रसंगांपाशी थांबत करायची प्रार्थना, त्यांनी चर्चबाहेर काढली आणि आळीपाळीने इमारतींच्या अंगणांत नेली, याबद्दल त्यांचं सगळं गाणं माफ. आमच्या सोसायटीत आली तेव्हा चौदा स्थानांसाठी जिने, गेट, पाण्याची टाकी असं जमेल तिथे कागदी क्रूस चिकटवले होते. वाचायला कुणाला बसवायचं याची यादी नव्हती. जो समोर दिसेल त्याच्या हातात कागद, आणि “तुमच्या घरी बोलता तसं वाचा” एवढीच सूचना. कुणी कादोडीत, कुणी कोकणीत, एका मुलीने मल्याळममध्ये. माझ्या आईने वेरोनिकाचं स्थान नगरी हेलात वाचलं. येशूचा चेहरा पुसणाऱ्या त्या बाईबद्दल ती अशा काही घरगुती सुरात बोलली की लाल लुगड्यातल्या दोघी आज्या पुढच्या रविवारी तिला स्वतःहून आपल्या बाकावर घेऊन गेल्या. रमजानही चालू होता. तळमजल्यावरच्या घरातली माणसं रोजा सोडून दाराशी येऊन उभी राहिली, शेवटपर्यंत.

मग आला ३० मार्च. त्या वर्षी गुढीपाडवा आणि उपवासकाळाचा चौथा रविवार एकाच दिवशी आले. चौथ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालायची मुभा असते, वाट अर्धी सरली म्हणून थोडा आनंद. समोरच्या बिऱ्हाडातून श्रीखंडाची वाटी आली तेव्हा घरात चर्चा झाली, चालेल का? चालतं. उपवासकाळाचे चाळीस दिवस मोजताना रविवार धरत नाहीत. चर्चमध्ये त्या दिवशी उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो ती येशूने सांगितलेली गोष्ट, वाचला गेला. प्रवचन साधारण ठरलेलं असतं, मुलगा चुकला, बाप धावत गेला. फादर मात्र थोरल्या भावावर थांबले. सगळं आयुष्य घरात काढलेला, आणि आता रुसून दाराबाहेर उभा. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, याकडे कुणाचं लक्ष जात नाही, असं ते म्हणाले. पुढच्या बाकांवरच्या जुन्या घरांना हे बोलणं लागलं असणार, म्हणून मी मागे बसून जरा सुखावलो. तेवढ्यात ते म्हणाले, “आणि नवीन आलेल्यांनो, तुम्ही पाच वर्षांत थोरले भाऊ होता. मी पाहिलंय.” माझं सुखावणं तिथेच आटपलं.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी पुरुषच असत. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलून स्त्रियांनाही त्यात घेता येईल असं केलं. १७ एप्रिलला आमच्याकडे बारांमध्ये एक मासळीवाली, एक रिक्षावाले, घरकामाला झारखंडहून आलेली एक मुलगी आणि माझी आई होती. आईने आदल्या दिवशीच नकार कळवला होता, टाचांना भेगा आहेत, लोकांसमोर कसे काढायचे? फादर घरी आले, चहा नको म्हणाले, आणि तिला म्हणाले, “आजी, पाय धुवायचेत, स्पर्धेला पाठवायचे नाहीत.” ती गेली. जाण्याआधी घरी तासभर बादलीत पाय बुडवून बसली, म्हणजे फादरांना त्रास नको. फोटो काढू नका असं तिने तीन वेळा बजावलं होतं, तरी कुणीतरी काढलाच. तो नगरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचला तेव्हा मावशीने आधी विचारलं, ही साडी कधी घेतली?