जून भेंडी

रुखवतात हल्ली काय मांडतील याचं मला नवल वाटत नाही. पण अख्खी भाजीमंडई मागणारी नवरी पहिल्यांदाच भेटली. तिची आजी पुण्यात महात्मा फुले मंडईबाहेर, त्या १८८६ सालच्या आठकोनी दगडी इमारतीच्या सावलीत, वर्षानुवर्षं भाजी घेऊन बसलेली. नातीला रुखवतात तेच हवं होतं: टोपल्या, तागडी, वाटे. भाज्या सगळ्या फेल्टच्या, हातशिलाईच्या आणि खऱ्या मापाच्या.

एरवी मी भातुकलीसाठी लहान भाज्या शिवते. फेल्टला वीण नसते. तंतू एकमेकांत दाबून, अडकवून ते कापड होतं. त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत आणि कड दुमडावी लागत नाही. कडेला कड लावायची, सहापदरी दोऱ्यातले दोन पदर सुईत ओवायचे आणि काजटाका घालत जायचं. टोमॅटो सगळ्यात सोपा. गोल तुकड्याच्या कडेनं धावदोरा घालायचा, उशीत भरतात तो फायबर आत कोंबायचा आणि दोरा ओढायचा. भेंडीला पाच लांब पट्ट्या लागतात, कारण खऱ्या भेंडीला पाच कडा असतात. चारच पट्ट्या लावून शिवलेली भेंडी बाजारात दिसते. ती मला बघवत नाही.

या मालात एक चैन होती. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी शिवताना मटारचे दाणे शेंगेलाच पक्के टाचावे लागतात. खेळण्याचा जो सुटा तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळीत मावतो, तो त्या वयाच्या मुलांच्या हाती द्यायचाच नाही, असा नियम आहे. रुखवतात कोण गिळणार? दाणे सुटे ठेवले, शेंग सोलता येईल अशी केली.

माल बराचसा झाल्यावर नवरी आजींना घेऊन आली. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर आजी खुर्ची सोडून खाली, टोपल्यांसमोर बसलेल्या. हातात भेंडी, आणि अंगठा थेट तिच्या शेंड्यावर. मंडईत बायका भेंडीचं टोक मोडून बघतात ना, तसं. टोक वाकलं आणि परत सरळ झालं.

"जून हाय," आजी म्हणाल्या आणि भेंडी बाजूला ठेवली.

नात हसायला लागली. आजी मात्र पुढच्या टोपलीकडे सरकल्या होत्या. वांग्यांचा देठ हिरवागार ठेवला होता, त्यावर दोऱ्याचे बारीक काटेही काढले होते. "ह्ये बरं केलंस. गिऱ्हाईक आधी देठ बघतं." मला बरं वाटतंय तोवर पुढचं वाक्य आलं. "पर सगळी एकाच मापाची कशी? खालचा माल कुठाय?"

मी पुठ्ठ्याच्या साच्यावरून कापते, त्यामुळे वांगी सारखीच निघतात. मला तो सफाईचा भाग वाटायचा. आजींनी टोपली कशी भरायची ते दाखवलं. खाली वाकडंतिकडं, मध्ये बरं, वर चकचकीत, आणि कडेला एखादं किडकं मुद्दाम, म्हणजे गिऱ्हाईक ते वेचून बाजूला टाकतं आणि आपण शहाणे म्हणून खूश होतं. हे शेवटचं त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. मी साचे बाजूला ठेवून हातानंच नवीन कापायला घेतली. एक वांगं पोटात दबलेलं, एक मुळा दोन पायांचा.

मेथीवर तर गदाच आली. पानं तीन-तीनच्या झुबक्यात नीट होती, पण जुडी मी हिरव्या रिबिनीनं बांधली होती. आजींनी रिबीन सोडून नातीच्या हातात दिली. "मुळ्या न्हाईत व्हय ह्येला?" मग सुतळी मागितली, जुडी जमिनीवर आपटून बुडखे सारखे केले आणि दोन वेढ्यांत आवळली. आपटताना त्यांच्या हातात ती मेथीच होती, एवढं नक्की. मुळ्या मी नंतर पांढऱ्या दोऱ्याच्या लावल्या, टोकाला मातीसाठी तपकिरी गाठी मारून.

मग तागडी निघाली. नवरीनं ती आजींच्या माळ्यावरून आणली होती, वजनांसकट. एका पारड्यात पावकिलोचं वजन, दुसऱ्यात वांगी. ढीग रचत गेलो तरी वजनाचं पारडं जागचं हलेना. आत सगळा फायबर. मी म्हटलं, काही वांग्यांची शिवण उसवून आत गोट्यांची पुरचुंडी घालते.

"कशाला?" आजींनी तागडी उचलली, करंगळी हळूच दांडीवर टेकवली आणि वांग्यांचं पारडं झोकात खाली गेलं. करंगळी कधी टेकली ते मला पुन्हा करून दाखवल्यावरही दिसलं नाही. "आजी! म्हणजे तू..." नात ओरडली. आजींनी पदर तोंडाला लावला.

माल न्यायला दोघी पुन्हा आल्या तेव्हा मी बिल भाजीवार लिहून ठेवलं होतं. नातीनं वाचून दाखवलं. वांगी, भेंडी, भोपळा, मटार, कशावरही आजींनी हुज्जत घातली नाही. मी मनातून घासाघीशीची तयारी ठेवली होती, ती वाया गेली. शेवटचा आकडा कोथिंबिरीचा, आणि जुडीमागे तोच सगळ्यात मोठा. एकेक पान बारीक कात्रीनं कातरावं लागतं. एका जुडीत डोळ्यांची वाट लागते.

"कोथिंबिरीचं पैसं?" आजी थांबल्या. "एवढी भाजी घेतल्यावर कोथिंबीर वर टाकायची असती, बाई."

नात मागून मला डोळ्यांनी खुणावत होती, मी देते म्हणून. पण मंडईत बसलेल्या बाईपुढे मंडईचा कायदा मोडायची माझी हिंमत झाली नाही. वर टाकली. लगेच आजींनी कढीपत्ताही मागितला. तो मी शिवतच नाही, असं सांगून सुटले.