तक्रार पुसण्यापासून तक्रार वाचण्यापर्यंत : आमची वाटचाल

२०१३ साली आम्ही दोघा भागीदारांनी व्यवसाय सुरू केला तेव्हा लहान व्यावसायिकांसाठी वेबसाइट तयार करणे एवढेच आमचे काम होते. व्यवसायाची ऑनलाइन प्रतिष्ठा सांभाळणे हे स्वतंत्र काम असू शकते, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. वर्षभराने, आम्ही वेबसाइट करून दिलेल्या एका फर्निचर व्यावसायिकाचा फोन आला. त्यांचे नाव गूगलवर शोधले की वेबसाइटच्या खालोखाल एका ग्राहकाने लिहिलेली जुनी, कडवट तक्रार दिसत असे आणि चौकशीला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी तिच्याबद्दलच विचारत असे. "ती तेवढी काढून द्या," असे त्यांनी सांगितले आणि आम्ही फारसा विचार न करता होकार दिला. आमचा आजचा व्यवसाय त्या होकारातून उभा राहिला आणि पहिल्या चार वर्षांतल्या बहुतेक चुकाही त्यातूनच झाल्या.

दुसऱ्याच्या वेबसाइटवरचा मजकूर आम्हाला काढता येणार नाही, हे आठवडाभरातच कळले. मग आम्ही तो खाली ढकलण्याच्या मागे लागलो. लेख लिहिले, निरनिराळ्या ठिकाणी प्रोफाइल उघडल्या, छायाचित्रे चढवली आणि पाच महिन्यांनी ती तक्रार शोधनिकालांच्या दुसऱ्या पानावर गेली. पुढच्या तीन महिन्यांत दोन नव्या तक्रारी आल्या आणि त्यांतला मजकूर जवळपास तोच होता : डिलिव्हरी उशिरा होते आणि विचारायला फोन केला तर कोणी उचलत नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. आम्ही मात्र पाच महिने टोपली धरून बसलो होतो आणि त्याचे पैसेही घेतले होते.

तक्रारकर्त्याला वकिलाची नोटीस पाठवावी, असा आग्रह धरणारे ग्राहकही आम्हाला भेटले. त्यांना आम्ही २००३ सालचा एक प्रसंग सांगत असू आणि आजही सांगतो. गायिका बार्ब्रा स्ट्रायसंड यांनी आपल्या समुद्रकाठच्या घराचे छायाचित्र एका वेबसाइटवरून काढून टाकण्यासाठी दावा केला. दाव्यापूर्वी ते छायाचित्र केवळ ६ वेळा डाउनलोड झाले होते आणि त्यांतले २ डाउनलोड त्यांच्याच वकिलांचे होते; दाव्याची बातमी पसरल्यावर महिनाभरात चार लाखांहून अधिक लोकांनी त्या वेबसाइटला भेट दिली. खोटी आणि खरोखर हानिकारक बदनामी झाली असेल तर कायद्याचा मार्ग आहेच. पण ग्राहकाची तक्रार खरी असताना पाठवलेली नोटीस त्या तक्रारीला नवे वाचक मिळवून देते.

पुढची चूक अधिक गंभीर होती, कारण ती आम्ही हुशारी समजून केली. ग्राहकाला आधी आमच्या फॉर्मवर स्टार द्यायला सांगायचे; चार किंवा पाच दिले तर त्याला गूगलच्या पानावर पाठवायचे आणि कमी दिले तर तक्रार आतल्या आत मालकाकडे वळवायची, अशी व्यवस्था आम्ही तयार केली आणि अनेकांना विकली. २०१८ मध्ये गूगलने आपल्या धोरणात अशा निवडक मागणीला स्पष्ट मनाई केली, तेव्हा आम्ही ती बंद केली. खरे तर मनाई होईपर्यंत थांबायला नको होते. जे वाचून पुढचा माणूस आपले पैसे कुठे द्यायचे ते ठरवतो, तेच आम्ही त्याच्यापासून दडवत होतो.

लहान व्यवसायाचा मालक एका वाईट रिव्ह्यूने इतका का हादरतो, हे गणितातून समजते. पाच स्टारचे दहा रिव्ह्यू असलेल्या व्यवसायाला एकाने एक स्टार दिला की सरासरी ५ वरून ४.६ वर येते. ती पुन्हा ४.९ वर न्यायची तर पाच स्टारचे आणखी २९ रिव्ह्यू मिळवावे लागतात. तोच एक स्टार दोनशे रिव्ह्यू असलेल्या व्यवसायाला जाणवतही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी सिएटलमधील उपाहारगृहांचा अभ्यास २०११ मध्ये मांडला. त्यात येल्प या अमेरिकी रिव्ह्यू-वेबसाइटवरचे रेटिंग एका स्टारने वाढले की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असे आढळले, मात्र हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांपुरता होता. मोठ्या साखळ्यांवर तो दिसला नाही. ज्याच्यामागे मोठे नाव नाही त्याची सारी पत या ताऱ्यांवर तोललेली असते, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

याच भीतीपोटी लोक रिव्ह्यू विकत घ्यायला निघतात. आमच्याकडे अशी मागणी आजही येते आणि आम्ही ती नाकारतो. त्यापायी एक मोठा ग्राहक आम्ही गमावला, त्याचा त्या वर्षी चांगलाच फटका बसला. आता नियमही कडक झाले आहेत. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले, तर अमेरिकेत ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. पण आमच्या नकाराचे कारण त्याआधीचे आहे. विकत घेतलेले रिव्ह्यू मालकाला आपल्याच कामाविषयी खोटी माहिती देतात आणि त्यानंतर त्याला काय सुधारावे हे कळेनासे होते.

२०१८ नंतर आम्ही पद्धत बदलली. नवा ग्राहक आला की पहिले दोन आठवडे काहीही प्रसिद्ध करायचे नाही. त्याचे सगळे रिव्ह्यू, अगदी दोन शब्दांचेसुद्धा, एकेक करून वाचायचे आणि प्रत्येकापुढे मूळ कारण लिहायचे. या वाचनातून जे हाती लागले त्याने आम्ही चकित झालो. एका दुरुस्ती केंद्राच्या वाईट रिव्ह्यूंपैकी जवळजवळ निम्मे लोक "आलो तर बंद होते" एवढेच म्हणत होते. कामाची वेळ बदलून दीड वर्ष झाले होते आणि गूगलवर जुनीच वेळ दिसत होती. ती दुरुस्त करावी म्हटले तर प्रोफाइलची मालकी नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवर होती. मालकी परत मिळवण्यात काही आठवडे गेले. वेळ बदलायला दोन मिनिटे पुरली. तेव्हापासून प्रोफाइलची मालकी कोणाकडे आहे, फोन क्रमांक बरोबर आहे का आणि जुन्या पत्त्याची दुसरी प्रोफाइल कुठे शिल्लक आहे का, हे आम्ही सर्वांत आधी पाहतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याने जितक्या तक्रारी थांबल्या तितक्या आमच्या कोणत्याही लेखाने थांबल्या नाहीत.

उत्तरे लिहिणे मात्र आम्हाला सावकाश जमले. सुरुवातीला आम्ही "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे एकच वाक्य सगळीकडे चिकटवत होतो आणि एकाखाली एक वाचले की ते न दिलेल्या उत्तराहून वाईट दिसत असे. आता उत्तराचा मसुदा करण्यापूर्वी त्या दिवशी नेमके काय घडले ते ज्याने काम केले त्याला विचारतो. चूक असेल तर ती शब्दांत मान्य करतो, काय बदलले ते सांगतो आणि बाकीचे बोलणे फोनवर नेतो. एका दवाखान्याच्या उत्तरात आमच्या मसुदा लिहिणाऱ्याने रुग्णाच्या उपचाराचा उल्लेख केला होता. पाठवण्यापूर्वी डॉक्टरांनी तो पाहिला म्हणून अनर्थ टळला. रुग्ण स्वतः काहीही लिहो, तो आपला रुग्ण आहे हेसुद्धा दवाखान्याने उघडपणे मान्य करायचे नसते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

उत्तरांचा उपयोग होतो का, असे मालक विचारतात. प्रोसर्पिओ आणि झर्वास या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रिव्ह्यूंना उत्तरे देऊ लागलेल्या हॉटेलांचे रेटिंग सरासरी ०.१२ स्टारने वाढल्याचे आणि रिव्ह्यूंची संख्या १२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. नकारात्मक रिव्ह्यू कमी आले, पण जे आले ते अधिक लांब होते. आपले लिहिणे मालक वाचणार आहे हे कळले की माणूस उगाच लिहीत नाही आणि लिहिले तर तपशिलासह लिहितो. आमच्या कामासाठी असा लांब रिव्ह्यू सोन्यासारखा असतो.

सध्या आमच्यापुढे नवा प्रश्न आहे. रिव्ह्यूंचा सारांश आता यंत्रच तयार करून वर दाखवू लागले आहे. ते फर्निचर व्यावसायिक आजही आमचे ग्राहक आहेत; त्यांनी डिलिव्हरीसाठी स्वतंत्र माणूस नेमून काही वर्षे झाली, तरी त्यांच्या सारांशात "डिलिव्हरीला उशीर" हे शब्द अधूनमधून येतात, कारण त्या विषयावर सविस्तर लिहिलेले रिव्ह्यू जुनेच आहेत. हे शब्द खाली ढकलण्याची युक्ती आम्हाला माहीत नाही आणि शोधायचीही नाही. म्हणून सामान पोहोचल्यानंतरच्या आठवड्यात ते प्रत्येक ग्राहकाला, खूश असो वा नसो, एकच संदेश पाठवतात : सामान ठरल्या दिवशी आले का आणि कसे आले, ते लिहावे. गेल्या महिन्यात त्यावर अकरा जणांनी लिहिले. नऊ जणांचे सामान ठरल्या दिवशी पोहोचले होते. उरलेल्या दोघांशी सध्या फोनवर बोलणे चालू आहे.