दिल्ली, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा

एका दिवसात दिल्ली दाखवणाऱ्या बसला इतिहासाशी काही देणंघेणं नसतं. तिचा संबंध वन-वेशी, पार्किंगशी आणि वारांशी. सोमवारी लाल किल्ला बंद, लोटस टेम्पलही सोमवारीच बंद. त्यामुळे सोमवारच्या बसमधल्यांना दिसते ती दिल्ली वेगळी आणि मंगळवारच्यांना दिसते ती वेगळी. आमच्या बसचा क्रम असा होता: आधी बाराव्या शतकाचा शेवट, तिथून थेट १९८६, मग मागे वळून सोळावं शतक, जेवण, १९३१, १९४८ आणि उन्हं कलताना शहाजहान. शाळेत कुणी हा क्रम लिहिला असता तर पेपर कोराच परत आला असता.

पण नकाशा काढून बघितलं तर या गोंधळात एक गंमत आहे. बस कुतुबमिनारच्या मेहरौलीपासून निघते आणि उत्तरेकडे सरकत सरकत लाल किल्ल्याला पोचते. १९८६ चं लोटस टेम्पल, १९३१ चं इंडिया गेट आणि १९४८ चा राजघाट ही तीन मधली मंडळी बाजूला काढली तर राहिलेला क्रम जवळपास बरोबरच येतो. याचं कारण असं, की दिल्ली एका जागी कधी राहिलीच नाही. आधीच्याच्या घरात राहणं बहुतेक राज्यकर्त्यांना कमीपणाचं वाटलं. प्रत्येकाने थोडं पलीकडे सरकून आपली वेगळी दिल्ली मांडली. जुन्या हिशेबाने अशा सात दिल्ल्या, आणि इंग्रजांनी १९११ साली राजधानी इथे आणायचं जाहीर करून जी बांधायला घेतली ती आठवी. या सगळ्यांच्या मानपानापायी आपल्याला दिवसभर बसमध्ये बसावं लागतं.

‘एका दिवसात दिल्ली? नुसती शिवाशिवी!’ असं म्हणणारे लोक मला माहीत आहेत. ते स्वतः एकेका कबरीपुढे अर्धा दिवस काढतात आणि त्याबद्दल मला आदरच आहे. तरीही मला ही शिवाशिवी आवडते. कारण ठिकाणं पुढेही बघता येतात, पण दोन ठिकाणांमधलं अंतर असं सलग बघायला मिळतं ते अशाच दिवशी. कुठल्या पुलाखालून गेल्यावर एक राजवट संपते आणि दुसरी लागते, हे पुस्तकात कळत नाही.

आमचा गाईड पन्नाशी ओलांडलेला, गळ्यात ओळखपत्र, हातात काठी आणि काठीच्या टोकाला पिवळा रुमाल. ‘बसचा नंबर विसरलात तरी चालेल, रुमाल विसरू नका,’ हे त्याने हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं आणि मग काठी हलवून सांगितलं. प्रत्येक थांब्यानंतर तो माणसं मोजायचा, पण माणसांकडे न बघता. सीटच्या कडेला बोट टेकवत मागेपर्यंत जायचा आणि रिकाम्या सीटवर बोट पडलं की तिथेच थांबायचा. कोण राहिलं आहे हे त्याला चेहऱ्याआधी सीटवरून कळायचं. ‘विंडोवाली आंटीजी नहीं आयीं.’ विंडोवाली आंटीजी म्हणजे आमच्या पुढच्या रांगेतल्या काकू, आणि त्या दर वेळी राहिलेल्या असायच्या.

थॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे माणसं लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेली, तेव्हापासून ठरवून, पैसे गोळा करून, कुणाच्या तरी मागून हिंडायची प्रथा रुळली असं सांगतात. ती माणसं निघाली होती दारूबंदीच्या सभेला. मला त्यातली सभा किती रंगली याचं कुतूहल नाही. परतीच्या गाडीआधी पाचशे डोकी मोजली कुणी, हे मात्र जाणून घ्यायला आवडेल.

कुतुबमिनारशी सगळ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. किती उंच? ७२.५ मीटर. कुणी बांधला? सुरुवात कुतुबुद्दीन ऐबकाची, पूर्ण केला जावयाने, म्हणजे इल्तुतमिशने. वर जाता येतं का? नाही. हे ‘नाही’ सांगताना गाईडचा आवाज बदलला. ४ डिसेंबर १९८१ ला आतली वीज गेली, अंधाऱ्या जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि पंचेचाळीस जण गेले. त्यातली बहुतेक शाळेची मुलं. त्या दिवसापासून ३७९ पायऱ्या आहेत तशा आहेत, चढत कुणी नाही. घोळका क्षणभर गप्प झाला आणि मग मिनाराचं टोक चिमटीत पकडल्याचे फोटो काढायला पांगला.

मी मिनाराशेजारच्या मशिदीच्या ओवरीत गेले. सत्तावीस देवळांचं सामान वापरून ही मशीद उभी केली, असं तिथल्याच शिलालेखात म्हटलं आहे. तो मजकूर वाचता आला नाही तरी खांब बघितले की पुरतं. साखळीला लटकणारी घंटा, दगडात कोरलेली, एका खांबावर, मग दुसऱ्यावर. साखळीची कडी न् कडी सुटी दिसते. खाली हात पोचतो तिथवर कोरीवकाम गुळगुळीत झालेलं, वर अजून धारदार. एक खांब दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून उंची साधली आहे आणि दोघांची नक्षी जुळत नाही. अशा जोडणीवर गाईड बोलत नाहीत. बोलले तर बसमध्ये भांडणं होतील हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मशिदीच्या अंगणातल्या लोखंडी स्तंभाभोवती १९९७ पासून कुंपण आहे. त्याआधी लोक त्याला पाठ लावून उलटे हात गुंफायचे; जमलं तर मनातली इच्छा पुरी. सोळाशे वर्षांच्या पावसाने जे केलं नाही ते या इच्छांनी केलं: हात घासून घासून खालच्या भागाचा रंगच बदलला. न गंजण्याचं कारण लोखंडातल्या फॉस्फरसमध्ये आहे. त्याच्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ थर धरतो आणि तोच पुढचा गंज अडवतो.

बाहेर निघताना हिरवळीवर दगडी छत्रीसारखं एक बांधकाम दिसलं. त्याकडे कुणी बघत नव्हतं. १८०३ च्या भूकंपात मिनाराचा वरचा घुमट कोसळला. पुढे रॉबर्ट स्मिथ नावाच्या लष्करी इंजिनियरने १८२८ मध्ये आपल्या डोक्यातला नवा घुमट वर चढवला. तो इतका विजोड दिसला की १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगच्या हुकमाने खाली उतरवला गेला. तेव्हापासून तो इथे गवतात बसून आहे, लग्नात आहेराची अदलाबदल झाल्यावर मागे उरलेल्या साडीसारखा: टाकवत नाही आणि नेसवतही नाही.

१८०३ हे साल मी मनात धरून ठेवलं. भूकंप सप्टेंबरचा. त्याच सप्टेंबरात, ११ तारखेला, यमुनेच्या पलीकडे पटपडगंजला इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. मिनाराचं टोक आणि आपलं दिल्लीतलं ठाणं, दोन्ही एकाच महिन्यात पडलं. टोकाची गोष्ट गाईडने रंगवून सांगितली. ठाण्याची नाही.

लोटस टेम्पलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संगमरवराच्या सत्तावीस पाकळ्या, आत बोलायचं नाही. आमच्या बसला दिवसभरात मिळालेली खरी शांतता ती एवढीच.

हुमायूनच्या कबरीशी मात्र घड्याळाचा राग आला. चाळीस मिनिटं! ही वास्तू हुमायूनच्या पत्नीने, बेगा बेगमने, बांधवून घेतली. ती १५७० च्या सुमारास पुरी झाली, म्हणजे ताजमहालाच्या कितीतरी आधी. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेल्या कबरीला जग लोटतं. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेल्या कबरीला गाईडने चाळीस मिनिटं दिली, त्यातली दहा चप्पल-बुटांच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या हिशेबात गेली. आत दीडशेच्या वर कबरी आहेत, घराण्यातल्या माणसांच्या. पुष्कळ कबरींवर नाव नाही. १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशहा जफर दिल्लीतून निघून इथेच येऊन थांबला होता आणि इथेच तो हडसन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती लागला. पणजोबा-खापरपणजोबांच्या कबरीआड लपलेला ऐंशी पार केलेला बादशहा. चौथऱ्यावर उभं राहिलं की खाली चार चौकोनी बागा, मधून जाणारे पाण्याचे पाट, आणि काठीवरचा पिवळा रुमाल जोरजोरात हलताना दिसतो.

जेवणानंतर इंडिया गेट. बेचाळीस मीटर, भिंतींवर तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावं. त्या वेळी निम्मी बस पेंगत होती. राजघाटावर चपला काढल्या, काळ्या संगमरवरी चौथऱ्याभोवती फेरी मारली, कुणी फार बोललं नाही.

लाल किल्ल्यात गाईड पुन्हा फॉर्मात आला. लाहोरी दरवाजाशी त्याने सगळ्यांना विचारलं, नेहरूंनी इथे पहिल्यांदा झेंडा कधी फडकवला? ‘पंद्रह अगस्त!’ बसचं एकमत. ‘सोलह,’ तो शांतपणे म्हणाला. १९४७ साली इथलं झेंडावंदन खरोखरच १६ ऑगस्टला झालं होतं. दिवसभरात त्याला एवढा आनंद कशानेच झाला नव्हता.

दिवाण-ए-खासपाशी आमच्याकडे वळून म्हणाला, ‘आप लोग महाराष्ट्र से ना? ऊपर देखिए. छत चाँदी की थी. आपके भाऊसाहब ले गये.’

आम्ही वर बघितलं. रंगवलेलं लाकूड. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आणि पैशाची इतकी तंगी होती की छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली. मयूरासन तर त्याआधीच, १७३९ मध्ये, नादिरशहाने नेलेलं. पण नादिरशहाकडचं आमच्या बसमध्ये कुणी नव्हतं.

‘आई, म्हणजे आपण चोरलं?’ मागच्या सीटवरच्या शाळकरी मुलाने विचारलं.

‘चोरलं नाही रे, वितळवलं,’ आई म्हणाली.

एका काकांना हे सहन झालं नाही. फौज उपाशी होती, पुढे पानिपत होतं, हे त्यांनी हिंदीत सांगायला सुरुवात केली आणि हिंदी पुरेना तेव्हा मराठीत गेले. १७७२ मध्ये बादशहा शाह आलमला इथे आणून बसवलं कुणी? मराठ्यांनी. १७८८ मध्ये रोहिल्या गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले तेव्हा त्याला पुन्हा गादीवर बसवलं कुणी? महादजी शिंद्यांनी. ते हिशेबात नको का धरायला? गाईडने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, ‘ये भी सही है अंकल, लेकिन म्यूझियम बंद हो जाएगा.’

किल्ल्याच्या मागच्या बाजूने एके काळी यमुना वाहायची. आता तिथून रिंग रोड जातो आणि नदी लांब सरकली आहे. बस सुटायच्या आधी, विंडोवाल्या काकूंची वाट बघत असताना, मी गाईडला विचारलं की नदीपलीकडच्या पटपडगंजच्या लढाईचं काही बघायला उरलं आहे का. त्याने काठी काखेत धरली. लढाईचा स्तंभ आहे, म्हणाला, इंग्रजांनी उभा केलेला, पण तो पार नॉयडात, गोल्फ कोर्सच्या आत.

‘बस जाते तिथे?’

‘मॅडम, उधर टिकट नहीं, मेंबरशिप लगती है.’