त्रिदंडी संन्याशाचे तीन स्टंप
शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. शाळेच्या फाटकावर मी केलेला दहा बाय सहाचा फ्लेक्स लागलेला. वर ठसठशीत ‘संगीत सौभद्र’, मध्ये संन्याशाच्या वेषातला अर्जुन आणि खाली हातभर अक्षरांत ‘शनविारी सायंकाळी ६ वाजता’. त्याखाली ‘प्‌रवेश वनिामूल्‌य’. संगीताच्या बाईंनी फोटोखाली एवढंच लिहिलं होतं, ‘अगं, हा कुठला वार?’

गाव सांगली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यामुळे नाटकाच्या बाबतीत इथला रिक्षावालाही चुका काढतो. आणि प्रयोग दुसऱ्याच दिवशी.

चूक कुणाची, तर माझीच. आदल्या रात्री साडेनऊला शाळेतून निरोप आला, साडेपाचचे सहा करा. फाइलमधली सगळी अक्षरं मी आधीच कर्व्ह केली होती, म्हणजे अक्षर म्हणून न ठेवता आकृती करून टाकली होती. खालच्या दोन ओळी तेवढ्या पुन्हा टाइप केल्या आणि जेवायला उशीर होतोय म्हणून तशाच पाठवल्या. प्रिंटरकडे सॉफ्टवेअर जुनं, माझा फॉन्टही नाही. आपण ‘नि’ टाइप करताना आधी न येतो, मग वेलांटी. ती उचलून न च्या आधी नेऊन बसवणं हे सॉफ्टवेअरचं काम. ते त्याला येत नसेल तर वेलांटी टाइप केली तिथेच राहते आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसते. जोडाक्षरांचे पाय मोडतात ते वेगळंच. रात्रपाळीचा ऑपरेटर छापताना रंग बघतो, वाचत नाही. सकाळी त्याला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, मला वाटलं जुन्या नाटकाचं जुनं मराठी असंल.”

नाटकाचं नाव मात्र शाबूत होतं. ते मी फॉन्टमध्ये लिहिलंच नव्हतं. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडग्यांची अक्षरं बघत वाढलेल्या माणसाला नाटकाचं नाव टाइप करायला हात धजत नाही. कट निबने कागदावर पंचवीसएक वेळा ‘सौभद्र’ लिहिलं, त्यातलं एक स्कॅन केलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ सालचं, शंभरावर पदं. बाईंनी त्यातली चौदा ठेवली होती.

चित्राची गोष्ट त्याआधीची. कृष्णाच्या मसलतीने अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन बलरामाच्या घरात शिरतो, तोच क्षण पोस्टरवर घ्यायचं ठरलं. अर्जुन म्हणजे नववीतली एक उंच मुलगी. मी तिच्या हातात एक काठी देऊन कच्चं चित्र पाठवलं. संस्थेच्या समितीवर निवृत्त संस्कृतचे सर आहेत. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “त्रिदंडी म्हणजे काय?” मी गप्प. तीन काठ्या एकत्र बांधलेला दंड, म्हणून त्रिदंडी. इतकी वर्षं हा शब्द ऐकत आले आणि आत तीन कधी मोजले नव्हते.

फोटोच्या दिवशी काठ्या कुठून आणणार? मुलांनी खेळाच्या खोलीतून तीन स्टंप आणले आणि सुतळीने बांधले. स्टंप अठ्ठावीस इंचांचा. पोरगी मोगरी घेऊन धुणं धुवायला निघाल्यासारखी दिसत होती. मी फोटोशॉपमध्ये लाकूड ताणून खांद्यापर्यंत नेलं, कंपनीचा स्टिकर पुसला. प्रयोगासाठी खऱ्या वेळूच्या काठ्या चित्रकलेचे सर शुक्रवारी सकाळी आणणार होते.

भगवा रंग हा आणखी एक त्रास. स्क्रीनवर जो भगवा पेटल्यासारखा दिसतो तो छापला की वीट होतो. चार शाईंतून ते तेज निघतच नाही. मी संन्याशामागे गडद निळा घातला तेव्हा कुठे वीट जरा भगवी वाटू लागली.

आणि नावं! मुख्याध्यापकांना सत्तेचाळीस मुलांची नावं फ्लेक्सवर हवी होती. दहा फुटांवरून वाचायला इंचभर उंचीचं अक्षर लागतं हा आमचा ढोबळ हिशेब. रस्त्यापलीकडच्या माणसासाठी चार इंच. नावं घातली असती तर अर्जुनाला जागा उरली नसती. शेवटी नावांचा वेगळा फलक केला. त्यात मात्र एकही चूक नव्हती, कारण प्रत्येक मुलाकडून त्याचं नाव त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं होतं.

तर शुक्रवार. पुन्हा छापायला शाळेकडे पैसे नव्हते; मी देते म्हटलं, तर मशीन दुपारपर्यंत निवडणुकीच्या कामात अडकलेलं. साडेआठला पोचले तेव्हा चित्रकलेचे सर शिडीवर होते. दोन्ही ओळींवर पांढरा ऑइल पेंट फिरवून झाला होता, आणि तो सुकायला ते फुंकर मारत होते! फुंकरीने ऑइल पेंट सुकत नाही. अकरापर्यंत वाट पाहिली. मग चपट्या ब्रशने, खडूची रेघही न मारता, त्यांनी ‘शनिवारी सायंकाळी’ लिहिलं. वेलांटी अशी काही वळवली की मी खाली उभी राहून बघतच राहिले. पुढे जागेचा अंदाज चुकला, ‘वाजता’चं ‘वा.’ झालं आणि ओळ शेवटी दोन बोटं खाली उतरली. ‘प्रवेश विनामूल्य’ला पाऊण वाजला. सर उतरले ते थेट तासाला गेले.

काठ्यांची आठवण कुणालाच राहिली नाही. मलाही नाही.

शनिवारी हॉल भरला. पडदा वर गेला, हार्मोनियम छान लागली होती. संन्याशाचा प्रवेश आला. दाढी, भगवी छाटी, अंगभर भस्म, चालणं अगदी धीरगंभीर, आणि हातात सुतळीने बांधलेले तीन स्टंप. स्टिकरसकट. क्षणभर हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

मग पुढच्या रांगेतून पाचवीतला एक पोरगा उठला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “हाउज दॅट!”

अर्जुनाने त्याच्याकडे वळून पाहिलं, आशीर्वादाचा हात वर केला आणि संथपणे मान हलवून खुणावलं, नॉट आउट. पद मात्र सुरातच सुरू झालं.