पुन्हा दिवस राहिलेत आणि भीती वाटते आहे

पाळी चुकली, पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि आनंदाच्या आधी धडकीच भरली. आधी गर्भपात झालेल्या बाईचं असं होणं अगदी स्वाभाविक आहे. 'चांगला विचार कर' हा सल्ला तिच्या फारसा उपयोगाचा नाही. तिला खात्री हवी असते. ती मिळावी म्हणून ती दिवसभर जे तपासत राहते, त्यातलं बरंचसं काहीच सांगत नाही, उलट घाबरवतं. म्हणून कोणत्या खुणेला किती अर्थ आहे, ते आधी पाहू.

रोज नवी पट्टी करणं सगळ्यात आधी थांबवा. रेघ किती गडद येते हे लघवी किती पातळ आहे आणि पट्टी कुठल्या कंपनीची आहे यावरही ठरतं. काही आठवड्यांनी एचसीजी (पट्टी जे ओळखते ते गर्भारपणातलं संप्रेरक) खूप वाढलं की रेघ कधीकधी उलट फिकी येते. उरलेल्या पट्ट्या घरातून काढूनच टाका.

रक्तातल्या बीटा एचसीजीचा एकच आकडा फारसं काही सांगत नाही. ४८ तासांच्या अंतराने, त्याच लॅबमध्ये केलेले दोन आकडे लागतात. 'दुप्पट झालंच पाहिजे' असं सर्रास सांगितलं जातं, पण ते खरं नाही. पहिला आकडा १५०० च्या खाली असेल तर ४८ तासांत साधारण निम्म्याने वाढ, म्हणजे ४०० चे ६००, हीदेखील चालण्यासारखी असते. आठव्या ते अकराव्या आठवड्यात हा आकडा शिखर गाठतो आणि मग आपोआप उतरतो. त्यामुळे सोनोग्राफीत एकदा ठोके दिसले की बीटा पुन्हा करू नये. उतरलेला आकडा पाहून विनाकारण रात्र जागून काढावी लागते.

सोनोग्राफीची घाई तर सगळ्यात महागात पडते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. आतून, म्हणजे योनीमार्गे, केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची पिशवी दिसते, साडेपाचला तिच्यात योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी), आणि सहाच्या आसपास ठोके. बीज उशिरा सुटलं असेल तर हे सगळं आठवडाभर पुढे जातं. पोटात दुखत नसेल, रक्तस्राव नसेल, तर पहिली सोनोग्राफी सात आठवडे पूर्ण झाल्यावर करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पाचव्या आठवड्यात जाऊन 'अजून ठोके नाहीत' ऐकणं आणि पुढचे दहा दिवस तसेच काढणं ही शिक्षाच आहे.

'वाढ थांबली' असं सांगितलं तर मिलिमीटर विचारा. गर्भाची लांबी ७ मिमी किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिमी किंवा जास्त असून आत गर्भ नाही, तेव्हाच एका सोनोग्राफीवर निदान करता येतं, आणि तेव्हाही दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागण्यात गैर काही नाही. त्याहून कमी मापावर निकाल देता येत नाही, ७ ते १४ दिवसांनी पुन्हा पाहायचं असतं. तातडीचं कारण नसेल तर तोवर क्युरेटिंगला, म्हणजे गर्भाशय साफ करण्याला, होकार देऊ नका.

आतून केलेल्या सोनोग्राफीने गर्भपात होत नाही. तिला मूत्राशय रिकामं लागतं, पोटावरून करायची असेल तर भरलेलं. आत जाताच डॉक्टरांना सांगा: 'मागच्या वेळी गर्भपात झालाय, ठोके आहेत का ते आधी सांगा, मापं नंतर घ्या.' शांतपणे मापं घेणाऱ्या डॉक्टरांची ती दोन मिनिटं फार जड जातात. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे दर वेळी फॉर्म एफ भरावा लागतो आणि त्यात असलेल्या मुलांची माहिती विचारतात. तो प्रश्न मनाला लागतो. सोबतच्या माणसाने माहिती सांगावी, तुम्ही सही तेवढी करावी.

मागच्या वेळी रक्तस्राव न होताच ठोके थांबले असतील, तर 'डाग नाहीत ना, मग काळजी कसली' या बोलण्याने धीर येत नाही. अशा बाईने डॉक्टरांशी बोलून सोनोग्राफीच्या तारखा आधीच ठरवाव्यात: सात आठवडे, नऊ आठवडे, आणि मग ११ ते १३ आठवडे ६ दिवस यांदरम्यानची एनटी (गर्भाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी). मागचा घात ज्या आठवड्यात झाला तो मध्येच येत असेल तर एक तारीख तिथे घ्या. त्या दिवसांत भीती सगळ्यात जास्त उसळते.

मळमळ एखाद्या दिवशी कमी होणं नेहमीचं आहे. नवव्या आठवड्याच्या आसपास ती जोरात असते, मग ओसरते. प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकावा म्हणून दिलं जाणारं संप्रेरक) चालू असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: स्तन दुखणं, झोप येणं, पोट फुगणं हे त्या औषधानेही होतं. औषध थांबलं की ही लक्षणं कमी होतात आणि बाई घाबरते. योनीमार्गात ठेवायच्या कॅप्सूलचा पांढरट, तेलकट स्रावही येतो, तो औषधाचाच असतो.

डाग पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींपैकी एकीला दिसतात आणि त्यातली बरीच गर्भारपणं पुढे नीट पार पडतात. तपकिरी डाग, दुखत नाही: दिवसा फोन करा. सलग दोन तास तासाला एक पॅड भिजतोय, एका बाजूला जोरात दुखतंय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, चक्कर येतेय: लगेच दवाखाना. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर थोडा डाग दिसला तरी त्याच दिवशी कळवा. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२१ च्या सूचनेनुसार आधी गर्भपात झालेला असून आता रक्तस्राव होत असेल आणि गर्भ गर्भाशयातच असल्याची खात्री झाली असेल, तर ४०० मिग्रॅ मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन दिवसातून दोनदा योनीमार्गे देतात. पलंगावर पडून राहण्याने मात्र गर्भपात टळल्याचं दिसलेलं नाही, त्याने डोक्यातले विचार तेवढे वाढतात.

डाग आहे का ते पाहायला सारखं न्हाणीघरात जाऊन कागद तपासण्याची सवय हळूहळू सोडवावी लागते. दोन दिवस नुसतं मोजा, किती वेळा जाता. पंधरा असेल तर बारावर आणा. जावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबा. खरी लघवीची घाई असेल तर जा, पण एकदाच पाहा. चिंतेला संध्याकाळी २० मिनिटं ठरवून द्या, झोपण्याच्या तोंडावर नको. वहीच्या डाव्या पानावर भीती, उजव्यावर 'आज करण्याजोगं काय?' बहुतेक ओळींसमोर काहीच येत नाही, आणि आज करण्याजोगं काही नाही हे कागदावर दिसतं. छाती धडधडली तर ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, पाच मिनिटं.

घरात 'पपई खाल्लीस का, जिना चढलीस का' सुरू झालं तर नवऱ्याने तिथेच थांबवावं. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तो बहुधा योगायोगाने घडतो आणि बाईच्या वागण्याने येत नाही. 'तीन महिने कुणाला सांगायचं नाही' ही रीत पाळायची तर पाळा, पण दोन माणसांना सांगाच: वाईट झालं तर ज्यांच्यापुढे रडता येईल अशा दोघांना.

झोप उडाली, जेवण जाईना, तपासणीला जायचीच भीती वाटते, किंवा जीव नकोसा झालाय, असं असेल तर डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा. आधीपासून मानसिक आजाराचं औषध चालू असेल तर ते स्वतःहून एकदम बंद करू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

एनटी नीट झाली तरी भीती लगेच जात नाही. बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवते, पहिलटकरणीला बहुधा उशिराच. मधल्या त्या आठवड्यांत आतून काहीच कळत नाही. घरी वापरायचा डॉपलर (बाळाचे ठोके ऐकण्याचं यंत्र) घेऊ नका: ठोके सापडले नाहीत की घबराट होते, आणि स्वतःच्या नाडीला बाळाचे ठोके समजून खोटा धीरही मिळतो. सोळाव्या आठवड्याच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांना ठोके ऐकवायला सांगा.