पहाटे साडेपाचचं पाणी

काल रात्री भांडुपला मावशीकडे मुक्काम होता. जेवताना मी तिच्याशी पक्षफुटी, चिन्ह, कोर्ट असं बरंच बोलले. ती मेथी निवडत नुसतं "हं हं" करत राहिली.

आज पहाटे साडेपाचला मात्र अख्खी चाळ जागी. पिंप, हंडे, कळश्या. पाणी जेमतेम पाऊण तास, तेही बारीक धारेनं. मावशीचा गुडघा सुजलाय, म्हणून दोन हंडे मी वर नेले. दुसऱ्या जिन्यापर्यंत माझे हात थरथरायला लागले. ती हे रोज करते, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी.

नळावर तिनेच विषय काढला. "मधे नगरसेवकच नव्हता ना गं, तेव्हा सांगायचं कुणाला तेच कळेना." मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. २२७ प्रभाग, जवळपास चार वर्षं. तिला तारखा पाठ नाहीत, पण तो काळ तिने हंड्यांनी मोजलाय.

समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांना २०१७ च्या प्रचारातलं एकच आश्वासन आठवतं, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करमाफी. त्यांचं घर ४२० फूट.

"लोक फक्त स्वतःपुरतं बघून मत देतात" असं मी आजवर तावातावाने म्हणत आले. पण ज्याला मी "स्वतःपुरतं" म्हणत होते, ते यांचं रोजचं जगणं आहे. आज ते वाक्य मी मागे घेते. मनापासून.

मावशीने उद्यासाठी दुसरं पिंप धुऊन ठेवलंय. मी अजून एक दिवस राहतेय.