गॅट्सबीचा बाप

'द ग्रेट गॅट्सबी' हा पिक्चर मी पहिल्यांदा बघितला तो अमिताभसाठी. मे २०१३ ची गोष्ट, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष संपत आलेलं, पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं आणि बच्चन पहिल्यांदाच हॉलिवूडच्या पिक्चरमध्ये दिसणार म्हणून आम्ही चौघं दोन बाईकवर गावाकडून नाशिकला गेलो. बच्चन थोडाच वेळ दिसला, वुल्फशाइम नावाच्या जुगाऱ्याच्या रोलमध्ये, पण बाकीच्या पिक्चरनं मला गारद केलं. त्या पार्ट्या, ती पिवळी गाडी, वरून खाली फेकलेले ते रंगीबेरंगी शर्ट आणि खाडीपलीकडचा हिरवा दिवा. शेवटी गॅट्सबीला गोळी घालतात, तरी परत येताना ओझरपर्यंत माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की माणसाला असं मोठं होता आलं पाहिजे.

पुस्तक नंतर घेतलं, पुण्यात. फिट्झजेराल्डचं हे पुस्तक १९२५ सालचं, छोटंसंच आहे, पण मी ते पिक्चर डोळ्यासमोर ठेवूनच वाचलं आणि शेवटची पानं भरभर उलटली, कारण गॅट्सबी मेला म्हणजे आता काय राहिलं असं वाटलं. खरं तर जे राहिलं होतं ते त्याच पानांत होतं, आणि ते मला कळायला अकरा वर्षं लागली आणि अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पासबुक लागलं.

आधी घरचं सांगतो. पिंपळगावच्या अलीकडे आमची तीन एकर, त्यातली दोन एकर द्राक्षबाग, थॉमसन जातीची. ज्यांच्याकडे बाग आहे त्यांना सांगायला नको, ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी, मग भुरी, असे रोग, आणि माल तयार झाल्यावर आभाळ आलं की घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. एका वर्षी गारपीट झाली, एका वर्षी व्यापारी माल उचलून गेला आणि त्याचा फोन बंद, ते पैसे आजपर्यंत आले नाहीत. अण्णांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की पोरगं यात नको. माझ्या फीचं कर्ज फेडायला आणि पुढं पुण्यातल्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला त्यांनी उरलेलं एक एकर विकलं, हायवेकडचं, चांगलं काळं रान. मला विचारलं नाही, सही करून घरी आले आणि आईला म्हणाले चहा टाक.

फ्लॅट घेतला, अकराव्या मजल्यावर. पाच वर्षं हप्ते भरले. मग २०२३ मध्ये एका मंगळवारी पंधरा मिनिटांच्या कॉलवर आमची अख्खी टीम काढली. मी आठ महिने ओढलं, नंतर फ्लॅट विकला, बँकेचं फेडलं आणि नाशिकला आलो, आता इंदिरानगरला भाड्यानं राहतो आणि पगार आधीपेक्षा कमी आहे. याचं मला तेव्हा फार लागलं होतं, आता तेवढं नाही.

तर गेल्या वर्षी अण्णांच्या केवायसीसाठी बँकेत गेलो होतो. पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात एक फोटो होता. त्याच फ्लॅटचा. ताबा मिळाला त्या दिवशी मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला, त्याची त्यांनी पिंपळगावात प्रिंट काढून घेतलेली. कोपरे मऊ झालेले, मधोमध घडी पडून पांढरी रेघ आलेली. फ्लॅट विकून तेव्हा वर्ष होत आलं होतं.

मी म्हणालो, "अण्णा, हा कशाला ठेवलाय? आपला राहिला नाही ना तो आता."

"राहू दे रे. मार्केटला कुणी विचारलं का दाखवतो."

"पण विकला ना आपण."

"घेतला तर होता ना तू," एवढंच म्हणाले आणि कव्हर परत खिशात घातलं.

त्या रात्री पुस्तक शोधून काढलं आणि शेवटचं प्रकरण पहिल्यांदा नीट वाचलं. गॅट्सबीचा बाप येतो. मिनेसोटातल्या कुठल्यातरी गावातून, शिकागोच्या पेपरात पोराची बातमी वाचून, ऊन असताना अंगात स्वस्तातला लांब कोट घालून आलेला हेन्री गॅट्झ. आणि तो पाकिटातून काय काढतो तर पोराच्या बंगल्याचा फोटो, कोपऱ्यांना चिरा गेलेला, खूप हात लागून मळलेला. तो त्या बंगल्यातच उभा आहे आणि निकला, म्हणजे ही गोष्ट सांगणाऱ्याला, बंगल्याचा फोटो दाखवतोय, हे बघ म्हणतोय. लेखक म्हणतो की इतक्या वेळा दाखवून झाला होता की त्याला आता घरापेक्षा फोटोच जास्त खरा वाटत असावा. मी पुस्तक बंद करून बराच वेळ गॅलरीत बसलो.

पुढं अजून आहे. तो पोराचं लहानपणीचं एक पुस्तक काढतो, त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पोरानं लिहिलेलं टाइमटेबल, तारीख १२ सप्टेंबर १९०६. सकाळी सहाला उठायचं, व्यायाम, विजेचा अभ्यास, चारचौघांत बोलायची प्रॅक्टिस. खाली निश्चय लिहिलेत, आठवड्याला पाच डॉलर साठवायचे, त्यातले पाच खोडून तीन केलेत. आणि सगळ्यात शेवटचा निश्चय, आईबापाशी नीट वागायचं. दहावीच्या सुट्टीत असा कागद भिंतीला ज्यानं चिकटवला नाही असा एक पोरगा आमच्या गावात दाखवा. ते खोडलेले पाच डॉलर वाचून मला जे झालं ते त्या हिरव्या दिव्यानं कधी झालं नव्हतं.

मग पिक्चर पुन्हा लावला, बापाचा सीन बघायला. नाहीच आहे! अमिताभ आहे, पार्ट्या आहेत, दोन तासांच्या वर पिक्चर आहे, आणि म्हातारा अख्खा गाळलाय. १९७४ च्या पिक्चरमध्ये तो आहे. म्हणजे मी एकविसाव्या वर्षी ते बघून हरखून गेलो त्यात सगळा दोष माझा नव्हता असं मला आता वाटतं, बाप काढून टाकला की ही गोष्ट फक्त प्रेमात हरलेल्या श्रीमंत माणसाची होते, आणि तसं हरायलासुद्धा कुणाला आवडेल.

तेव्हापासून पैशाची गोष्ट असली की मी आधी आईबाप कुठं उभे आहेत ते बघतो. सिटिझन केन (१९४१) मध्ये तो सीन आहे ना, आत टेबलावर आई पोराला बँकवाल्याच्या हवाली करायच्या कागदांवर सही करतेय आणि मागं खिडकीतून पोरगा बर्फात खेळताना दिसतोय. बाप आधी नको नको करतो, मग वर्षाला पन्नास हजार डॉलर मिळणार हे ऐकल्यावर गप्प होतो आणि जाऊन खिडकी लावतो. आई ती परत उघडते. पुढचा सगळा केन, त्याचे पेपर, राजवाडा, गोळा केलेले पुतळे, मला त्या खिडकीपुढं किरकोळ वाटतात.

आपल्याकडे 'मुळशी पॅटर्न' (२०१८) आला तेव्हा गावात पोरं गाण्यावर आणि कोयत्यावर खूश होती. अण्णांनी तो माझ्याबरोबर टीव्हीवर बघितला आणि जमीन विकलेल्या बापावर दुसऱ्याच्या दारात राबायची वेळ येते तिथं उठून बाहेर गेले. मी त्यांना काही विचारलं नाही. त्याच वर्षीचा 'तुंबाड' मला जास्त हादरवून गेला, कारण तिथं बाप स्वतःच पोराला सोन्यासाठी विहिरीत उतरायला शिकवतो, आणि शेवटी बाप सोन्याची नाणी पुढं करतो तेव्हा पोरगा ती घेत नाही. (शेवट सांगितला, माफ करा, पण त्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणता येत नाही.) अण्णांनी मला विहिरीपासून लांब ठेवायला रान विकलं, आणि मी जिथं गेलो तिथंही विहीरच होती, फक्त अकराव्या मजल्यावर. हे मी त्यांना कधी बोललेलो नाही आणि बोलणारही नाही.

दादासाहेब फाळक्यांचं पण असंच वाटतं मला. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) किती गोड आहे, घरातलं सामान विकलं जातंय आणि त्यांची बायको सरस्वतीबाई हसतमुखानं सोबत आहेत, पण तो यशावरच थांबतो. १९३७ च्या 'गंगावतरण'नंतर त्यांनी पिक्चर केला नाही आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला ते इथंच, नाशिकमध्ये गेले. पांडवलेणीखालच्या स्मारकात शाळेच्या सहली येतात तेव्हा मला नेहमी सरस्वतीबाई आठवतात, घरात एकेक वस्तू कमी होत जाताना त्यांनी ती जागा कशी झाकली असेल.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा अण्णांना गॅट्सबीची गोष्ट सांगितली, बागेच्या कडेला बसून, बंगला, पार्ट्या, मयतीला कुणीच आलं नाही इथपर्यंत. बाप येतो ते सांगितलं, फोटोचंही सांगितलं. ते ऐकत होते, हातात सुतळी होती.

"मग म्हाताऱ्यानं फोटोचं काय केलं?"

"परत खिशात ठेवला."

"हां," म्हणाले. तेवढ्यात लाइट आली म्हणून मोटार चालू करायला उठले.